जहाजावरची बोली: डेक, किलिक, तांडेल आणि बाकी सगळं

मिडलवॉच

चिल्काला नौदलात भरती झालेलं पोर पहिल्या आठवड्यात कवायतीइतकीच भाषा शिकतं. जमीन म्हणायचं नाही, डेक म्हणायचं. भिंत म्हणजे बल्कहेड, छत म्हणजे डेकहेड, जिना म्हणजे लॅडर, स्वयंपाकघर म्हणजे गॅली आणि संडास म्हणजे हेड्स. ओडिशात सरोवराकाठच्या पक्क्या इमारतीतही हेच शब्द, कारण नौदलाच्या हिशेबी तो तळसुद्धा जहाजच. नावाच्या आधी 'आयएनएस', म्हणजे 'इंडियन नेव्हल शिप', लागतं ते उगाच नाही. फाटकाबाहेर पडणं म्हणजे 'अशोर' जाणं. बाहेर जायची परवानगी मिळालेले ते 'लिबर्टीमेन'. आणि वेळेत परतला नाहीत तर तुम्ही 'अ‍ॅड्रिफ्ट', म्हणजे दोर तुटून वाहवत गेलेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत चहूबाजूंनी सह्याद्री आहे, पावसाळ्यात समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं असतं, पण तिथूनही बाजारात जाणारा 'अशोर'च जातो.

ही सगळी साहेबाची उष्टी भाषा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपलं नौदल रॉयल नेव्हीच्या साच्यातून निघालं हे खरंच आहे. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी कामातून आलाय आणि अजून काम करतोय. हेड्सचंच घ्या. शिडाच्या जहाजाला वारा बहुतेक मागून किंवा बाजूने मिळायचा, म्हणून खलाशांची सोय पुढच्या टोकाला, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या 'डोक्या'वर केलेली असे. वास पुढे निघून जाई आणि लाटा आपोआप धुऊन काढत. शिडं गेली, इंजिनं आली, हेड्स जहाजभर पसरले, नाव राहिलं.

माझा आवडता प्रकार म्हणजे वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी. रात्री ८ ते १२ फर्स्ट, १२ ते ४ मिडल, पहाटे ४ ते ८ मॉर्निंग, सकाळी ८ ते १२ फोरनून, दुपारी १२ ते ४ आफ्टरनून. राहिले संध्याकाळचे ४ ते ८. तेही चार तासांचं सलग ठेवलं तर दिवसाचे सहा वॉच होतात. सहाला दोनाने भाग जातो, तिनानेही जातो. माणसं दोन पाळ्यांत वाटा नाहीतर तीन पाळ्यांत, मिडल वॉच रोज त्याच पाळीच्या वाट्याला येणार. म्हणून संध्याकाळचे ते चार तास मधोमध कापून ४ ते ६ फर्स्ट डॉग आणि ६ ते ८ लास्ट डॉग केले. सात झाले, चक्र रोज एक घर पुढे सरकायला लागलं. जेवणाची वेळही त्यातच बसली. इतका साधा आणि न्याय्य हिशेब मी दुसऱ्या कुठल्या ड्यूटीत पाहिलेला नाही.

घंटा याच वॉचवर चालते. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढतो, चार तासांचं वॉच संपताना आठ. फक्त लास्ट डॉगमध्ये साडेसहाला एक, सातला दोन, साडेसातला तीन आणि आठला एकदम आठ. १७९७ साली इंग्लंडमध्ये नोरच्या बंडवाल्यांनी डॉग वॉचमधले पाच ठोके ही उठावाची खूण ठरवली होती, तेव्हापासून ते पाच ठोके वाजतच नाहीत, अशी गोष्ट जुने लोक सांगतात.

मिडल वॉचला ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, अंधार असतो. होकायंत्राचा आणि नकाशाच्या टेबलावरचा मंद लाल उजेड, बाकी काही नाही. डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून बारा वाजायच्या बरेच आधी वर येऊन गुपचूप उभं राहायचं. आधीचा माणूस कोर्स, वेग, आसपासच्या बोटींचे दिवे हे सगळं हलक्या आवाजात सांगतो आणि तुम्ही ते शब्दन् शब्द परत म्हणता. म्हटलं नाही तर ड्यूटी बदलली असं धरत नाहीत.

माणसांची नावंही कामावरून. लीडिंग सीमन तो 'किलिक', कारण त्याच्या बाहीवर नांगर असतो आणि किलिक हे लहान नांगराचं जुनं नाव. यंत्रं सांभाळणारा कारागीर, म्हणजे आर्टिफिसर, तो 'टिफी', निशाणांनी संदेश देणारा 'बंट्स', वायरलेसवाला 'स्पार्क्स'. तोफखान्याचा अधिकारी 'गन्स', आणि जहाजाचा मार्ग आखणारा अधिकारी 'पायलट', तो विमान चालवत नाही. डेकवरच्या सगळ्या कामाचा मुकादम म्हणजे 'बफर'. अधिकारी आणि खलाशी यांच्यामधला धक्का तो सोसतो.

तुमच्याकडचे शब्द लिहा. नौदलातलेच हवेत असं नाही, मर्चंट नेव्ही, मासेमारी, तरी-पडावासारख्या होड्या, काहीही चालेल.

कुलाब्याची पाहुणी

दादा, फार छान धागा. माझे मिस्टर नौदलात होते, त्यामुळे ही भाषा आमच्या घरातही आली. 'आज मेक अँड मेंड आहे' असा निरोप आला की मुलं उड्या मारायची, कारण बाबा दुपारीच घरी. पूर्वी खलाशांना आपले कपडे शिवायला आणि दुरुस्त करायला एक दुपार मोकळी द्यायचे, त्यावरून अर्ध्या सुटीला हे नाव पडलं असं त्यांनीच सांगितलं होतं. काम संपलं म्हणजे 'सेक्युअर'. मधल्या चहाची सुटी म्हणजे 'स्टँड ईझी'.

आम्हा बायकांच्या बोलण्यात दोनच शब्द महत्त्वाचे असायचे: 'सेलिंग' आणि 'अलॉंगसाइड'. जहाजाला शीड नसलं तरी ते निघालं की सेलिंगच. आणि धक्क्याला लागलं की अलॉंगसाइड. भाजी घेताना एकमेकींना विचारायचो, 'तुमचे अलॉंगसाइड आहेत का?' यात नवरा, त्याचं जहाज, त्याची तब्येत, महिन्याचं सामान कुणी आणायचं, सगळं आलं. कुठे गेलेत आणि कधी येणार हे विचारायचं नाही, हा नियम कुणी शिकवला नव्हता, पण सगळ्या पाळायच्या. मुलीला दहावीला चांगले गुण मिळाले तेव्हा त्यांनी बंदरावरून फोन करून तिला फक्त दोन शब्द सांगितले: 'ब्राव्हो झुलू'. शाब्बासकीचा हा नौदलातला संकेत. तिला अजून त्याचं अप्रूप आहे.

रेवसबंदर

आमच्याकडे बोटीवर तांडेल म्हणजे शेवटचा शब्द. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला तर परतायचं की थांबायचं, सगळं तांडेल ठरवतो. बोटीचा मालक तो नाखवा. दोन्ही एकच माणूस असेल तर उत्तम, नसेल तर समुद्रावर तांडेलाचंच चालतं, नाखव्याचं नाही. बाकीचे खलाशी.

आमची भाषा पाण्यावरून चालते. अमावास्या-पुनवेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. रात्री जमिनीकडून दर्याकडे सुटतो तो मतलई वारा. शिडाच्या काळात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारनंतरच्या दर्यावरच्या वाऱ्यावर घरी यायचं. आता इंजिन आहे, तरी म्हातारे तांडेल झोपायच्या आधी मतलई सुटलाय का बघतात. डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ हे शब्द तरुण पोरांना माहीत आहेत, पण परबाण म्हणजे नेमकं काय हे विचारलं तर निम्मी गप्प बसतात. शीड ज्या आडव्या-तिरप्या काठीला बांधतात ते परबाण.

पानपुरवणी

रेवसबंदर यांच्या 'तांडेल'वरून पुढे. ब्रिटिश बोट कंपन्यांच्या आगबोटींवर हाच शब्द 'टिंडल' झाला आणि त्याची पायरी घसरली. तिथे खलाशांचा म्होरक्या सारंग, आणि टिंडल त्याच्या हाताखालचा. कोळ्यांच्या बोटीवरचा सर्वेसर्वा गोऱ्याच्या बोटीवर दुय्यम मुकादम झाला.

ज्यांना ही बोली म्हणजे साहेबाची उष्टी वाटते त्यांनी 'लष्करी' बोलीकडे बघावं. लष्करी म्हणजे सैन्याची नव्हे, लस्करांची, म्हणजे बोटींवरच्या आशियाई खलाशांची हिंदुस्तानी. थॉमस रोबक याने या बोलीचा कोश १८११ साली कलकत्त्यात छापला, कारण इंग्रज अधिकाऱ्याला ती आल्याशिवाय जहाज चालवता येत नव्हतं. १८८२ साली जॉर्ज स्मॉल याने तो सुधारून पुन्हा काढला. सत्तर वर्षांनी पुन्हा कोश लागतो याचा अर्थ बोली जिवंत होती आणि शिकायची गरज गोऱ्याला होती.

तिच्यात कोण नाही? सारंग फारसीतल्या 'सरहंग'वरून. सुकाणू धरणारा सुकाणी अरबीतून. पुढच्या डोलकाठीचं 'त्रिकट' हे नाव पोर्तुगीजांकडून, आणि आपलं 'आरमार'ही त्यांच्याच 'आर्मादा'वरून. एकाच जहाजावर डेकवर कोकणातले आणि काठेवाडातले, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर सर्रास असे. बंगालच्या बाजूने सिल्हेटचे. या सगळ्यांना वादळात एकमेकांचं तत्काळ कळायला हवं. व्याकरण झडून गेलं, आज्ञा उरल्या.

पाँचसाब

मर्चंट नेव्हीत ही बोली अजून चालू आहे! माझ्या आयडीवरून ओळखलं असेलच. भारतीय बोटीवर चीफ इंजिनिअर 'बडा साब', त्याखाली सेकंड साब, तीन साब, चार साब, आणि सगळ्यात ज्युनिअर तो पाँच साब. इलेक्ट्रिकल ऑफिसर 'बत्ती साब'. डेकवरचे अधिकारी 'मालिम साब', हा शब्द अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिकवणारा, यावरून आलाय. फिलिपिनो किंवा युक्रेनियन क्रू असला की हे शब्द गप्प होतात, पण दोन भारतीय इंजिन कंट्रोल रूममध्ये भेटले की लगेच 'बडा साब का मूड कैसा है'.

जुन्या वाफेच्या बोटींवर खाली आणखी एक जग होतं. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या कोठीतून, भट्टीपर्यंत कोळसा आणणारा कोयलावाला, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात त्या भट्ट्यांपुढे ही माणसं चार-चार तास उभी राहायची. आमच्या इंजिन रूममध्ये आज एसी कंट्रोल रूम आहे, तरी आखातात ऑगस्टमध्ये प्युरिफायरजवळ, म्हणजे तेल साफ करणाऱ्या यंत्राजवळ, दहा मिनिटं उभं राहिलं की त्यांची आठवण येते. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही याचा मला मनापासून राग आहे.

आचऱ्याचो

माझो आजो बोटीर होतो. आमच्या गावात भंडारी म्हणजे माडाची माडी काढणारी जात. आजो सांगी, बोटीर भंडारी म्हणजे जेवाण करणारो, मग तो खयच्याय जातीचो असो. तेका माडाचो काय संबंध नाय. कसाब म्हणजे बोटीच्या कोठारातला सामान सांभाळणारो आणि दिवे बघणारो, तेचो खाटकाशी संबंध नाय. आजो घराकडे इलो तरी कोठीच्या खोलयेची चावी जेच्याकडे असात तेका 'कसाब'च म्हणी.

पानपुरवणी

आचऱ्याचो, हे सोनं आहे. आजोबांचे आणखी शब्द आठवतील तसे लिहा.

शब्द दुसऱ्या दिशेनेही गेलेत, तेही नोंदवून ठेवतो. रॉयल नेव्हीत कपडे धुण्याला 'धोबी' म्हणतात, क्रियापद म्हणूनही वापरतात, आणि धुण्याच्या पावडरीला 'धोबी डस्ट'. लहान होडीचं 'डिंगी' आपलंच. आणि कामाचे कपडे 'डंगरी'. जाडंभरडं सुती कापड, ज्याला मुंबईच्या डोंगरीवरून नाव मिळालं. उमरखाडी-डोंगरी भागातून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की जगभरच्या गोदीकामगारांच्या अंगावर त्यांच्या वस्तीचं नाव आहे?

खारेपाणी

इतिहासाची विद्यार्थिनी आहे. एक गंभीर मुद्दा. बोलीत शिव्याही येतात, आणि जहाजावरची शिवी वरून खाली येते. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या तळावरच्या रेटिंग्जनी जेवण नाकारलं, त्यामागे खराब अन्न होतं, पगारातला भेद होता, आणि वरिष्ठाने वापरलेली वांशिक अपमानाची भाषाही होती. 'रेटिंग' म्हणजे अधिकारी नसलेला नौसैनिक. त्याआधीच तळाच्या भिंतींवर 'चले जाव' लिहिल्याबद्दल बी. सी. दत्त या टेलिग्राफिस्टला पकडलेलं होतं.

'तलवार' ही संदेशवहनाची शाळा होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना बंट्स आणि स्पार्क्स म्हणून हिणवता येतं, त्यांच्याच हातात सगळ्या जहाजांना जोडणारी तार होती. वायरलेसवरून बातमी कराचीपर्यंत गेली. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० माणसं उठावात आली. गिरणगावातले कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. संपाच्या समितीने 'रॉयल इंडियन नेव्ही'तलं 'रॉयल' काढून 'इंडियन नॅशनल नेव्ही' असं नाव घेतलं होतं. कुठल्याही बोलीपेक्षा तो एक शब्द बदलणं मोठं होतं.

मिडलवॉच

@खारेपाणी, हे इथे यायलाच हवं होतं. एवढंच सांगतो, आमच्या काळात 'बंट्स' हिणवण्याचा शब्द नव्हता. निशाण वाचण्यात ज्याचा हात कुणी धरणार नाही त्याला आदराने म्हणायचो.

शब्दांचं काम किती नेमकं असतं त्याचं एक उदाहरण. जहाजाची उजवी बाजू स्टारबोर्ड, डावी पोर्ट. डावीला पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगितलं की स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू यायचे, म्हणून १८४४ साली रॉयल नेव्हीने लारबोर्ड हा शब्दच बंद केला. आजही अधिकारी 'पोर्ट टेन' म्हणाला की सुकाणूवरचा 'पोर्ट टेन' असं परत म्हणतो, सुकाणू फिरवतो, आणि ते दहा अंशांवर पोचलं की 'टेन ऑफ पोर्ट व्हील ऑन' असं कळवतो. 'नाइन'चं 'नायनर' होतं तेही 'फाइव्ह'शी गोंधळ नको म्हणून. समुद्रावर एकासारखा दुसरा शब्द चालत नाही.

डॉल्फिनवाला

पाणबुडीवाल्यांचं राहिलं. आम्ही पाणबुडीला जहाज म्हणत नाही, 'बोट' म्हणतो, कितीही मोठी असली तरी. आमच्या लेखी पाण्यावर दोनच गोष्टी असतात, पाणबुड्या आणि टार्गेट्स. छातीवरचे डॉल्फिन, म्हणजे पाणबुडीवाल्याचा बिल्ला, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पाइप अंधारात हाताने ओळखून दाखवल्याशिवाय मिळत नाहीत, स्वयंपाक्यालाही नाही. आत एक जण चुकला तर सगळेच जातात.

आमच्या बोलीत इंग्रजीच्या जोडीला रशियन आहे. आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ ला रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, तिचे लोक रशियन शिकूनच आले होते. क्षेपणास्त्र नौकांचंही तसंच. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर चाल करून जाताना त्या नौकांवरचे लोक वायरलेसवर एकमेकांशी रशियनमध्ये बोलत होते, ऐकणाऱ्याला कुणाची जहाजं हे कळू नये म्हणून. जी भाषा केवळ यंत्र चालवायला शिकले, ती लढाईत आडोसा झाली.

रेवसबंदर

४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्या नौदल दिनात पंतप्रधानांनी सांगितलं होतं की नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देणार. मग तांडेल का नको?

मिडलवॉच

अगदी मनातलं बोललात. तटरक्षक दलात नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक, अधिकारी अशी नावं आधीपासून आहेत. वाईट नाहीत, पण ती कचेरीत बसून केलेली वाटतात, डेकवर तुडवलेली नाहीत. तांडेल आणि सारंग हे शब्द शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलेत. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग या नावाचा सरदार होता. १६७९ ला खांदेरीवर मायनाक भंडारी आणि दौलतखान लढले त्यांच्या गलबतांवरही तांडेल असणारच. तांडेल एकट्या कोकणाचा नाही, गुजरातेत आहे, तमिळ आणि मलयाळम किनाऱ्यावर 'तंडल' आहे. दीव-दमणपासून रामेश्वरमपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. लीडिंग सीमनला तांडेल म्हणा, बफरला सारंग म्हणा. नावं कोशातून काढण्यापेक्षा किनाऱ्यावर जाऊन विचारा, एवढंच माझं म्हणणं.

पाँचसाब

तांडेलला माझं +१. सारंगबद्दल मात्र जपून. जुन्या बोटींवर माणसं लावून घेणं सारंगाच्या हातात होतं, आणि नोकरीसाठी त्याला पैसे चारावे लागत. गरीब खलाशी कर्जात बुडत. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना हा शब्द मानाचा वाटणार नाही. शिवाय सारंग आणि लस्कर ही पदं आजही नौदलाच्या यार्डातल्या छोट्या बोटींवरच्या मुलकी कर्मचाऱ्यांची आहेत. त्यांचं पद काढून गणवेशवाल्याला द्यायचं का?

खारेपाणी

पैसे घेण्याची पद्धत कंपन्यांना सोयीची होती म्हणून टिकली. शब्दाला त्याची शिक्षा नको. पण यार्डातल्या लोकांचा मुद्दा बरोबर आहे, आधी त्यांना विचारायला हवं.

मिडलवॉच

मान्य. त्यांना विचारायलाच हवं.

आता कामाचं. पानपुरवणी, तुम्ही यादी करायला तयार असाल तर मी नौदलाचा भाग लिहून देतो. रेवसबंदर, तुमच्याकडचे सत्तरीपुढचे तांडेल आहेत त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, विशेषतः शिडाचे आणि दोरांचे शब्द, आणि प्रत्येक शब्दाला वस्तूचा फोटो जोडा, म्हणजे परबाणासारखी गत होणार नाही. आचऱ्याचो, आजोबांकडची नळी, म्हणजे बोटीवर नोकरीच्या नोंदी असलेलं खलाशाचं पुस्तक, घरात असेल तर त्यात त्यांचा हुद्दा इंग्रजीत काय लिहिलाय ते बघा. सुरुवात आगवाला आणि कोयलावाला यांच्यापासून करू, कारण ती कामं आता जवळजवळ कुठल्याच बोटीवर राहिलेली नाहीत.

आचऱ्याचो

आम्ही तेका नळीच म्हणतो! ट्रंकेत आसा. रविवारी गावाक जातंय, तेवा बघून लिवतंय.